नशेत अडकलेल्या आयांची बाळं सांभाळणारी आणि आया बऱ्या झाल्या की ती परत करणारी ‘मदर हेल’

गोष्ट आहे १९६९ सालची. न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये तेव्हा हेरॉइनने घरंच्या घरं पोखरली होती.

एक दिवस क्लारा हेल यांच्या दारात एक बाई आली. नशेने डोळे मिटत होते आणि हातात तान्हं बाळ होतं. तिला क्लारा यांच्या मुलीने, लॉरेनने पाठवलं होतं. नशेत पेंगणाऱ्या या बाईच्या हातून बाळ निसटताना तिने पाहिलं होतं.

क्लारा तेव्हा ६४ वर्षांच्या होत्या. तरुणपणीच नवरा गेला, पदरात लहान मुलं. आधी लोकांच्या घरी आणि थिएटरमध्ये साफसफाई केली, मग घरीच इतरांची मुलं सांभाळायला सुरुवात केली. पुढे फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारने तात्पुरती सोपवलेली अशी जवळपास ४० मुलं त्यांनी वाढवली. आता थांबायचं ठरवलं होतं, तेवढ्यात हे बाळ आलं.

बातमी पसरली आणि काही महिन्यांतच त्यांच्या छोट्याशा घरात २२ बाळं झाली.

या बाळांना नेमकं काय व्हायचं?

गरोदरपणात आईने हेरॉइन घेतलं की ते बाळापर्यंतही पोहोचतं. जन्मानंतर ते अचानक थांबतं. मग बाळ थरथरतं, सतत रडतं, उलट्या-जुलाब होतात, झोप लागत नाही.

क्लारा अशा बाळांना औषधं न देता तासन्‌तास छातीशी धरून बसायच्या. आज डॉक्टरही कुशीत घेणं, दुपट्यात गुंडाळणं आणि शांत खोली यांपासूनच सुरुवात करतात. मात्र त्रास जास्त असेल तर औषध लागतंच.

मुलं परत कधी मिळायची?

खरी गोम इथे होती. क्लारा यांना आईपासून मूल तोडायचं नव्हतं. आईने व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायचे, मधल्या काळात बाळाला भेटत राहायचं आणि सावरली की त्याला घरी न्यायचं. १९७५ मध्ये १२२व्या रस्त्यावर ‘हेल हाऊस’ला स्वतःची इमारत मिळाली. पुढे एड्सची लागण झालेली बाळंही तिथे आली. १९८५ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी संसदेतल्या वार्षिक भाषणात क्लारा यांचा गौरव केला. शेकडो बाळं सांभाळून १८ डिसेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

नंतरचा भाग कडू आहे. संस्थेच्या पैशांच्या गैरव्यवहारात २००२ मध्ये खुद्द लॉरेन यांनीच गुन्हा कबूल केला.

मग आज ही गोष्ट का आठवायची?

कारण क्लारा यांच्यासमोरचा पेच अजून सुटलेला नाही. अमेरिकेत १९९७ च्या कायद्यानुसार मूल २२ पैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर काही अपवाद सोडता सरकारला पालकांचे हक्क संपवण्यासाठी कोर्टात जावं लागतं. मुलाला कायमचं घर लवकर मिळावं हा त्यामागचा हेतू. पण व्यसन सुटणं म्हणजे सरळ रस्ता नाही. माणूस घसरतो, पुन्हा उठतो. शिवाय उपचार केंद्रात जागा मिळेपर्यंतही महिने मोजले जातच असतात.

बाळ फार काळ थांबू शकत नाही आणि आईला घाईत बरं होता येत नाही. क्लारा यांचं उत्तर साधं होतं: दोघांनाही एकाच वेळी आधार द्या.