जोसेफ फूरिये : शिंप्याचा मुलगा आणि लाटांची बेरीज

मोबाईलवर मुलं धड्याचा व्हिडिओ पाहतात, त्यामागे दोनशे वर्षांपूर्वीचं एक गणित आहे. ते मांडलं जोसेफ फूरिये यांनी.

त्यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी झाला. लहानपणीच आई-वडिलांचं छत्र हरपलं. गावच्या लष्करी शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली. तोफखान्यात जायची इच्छा होती, पण घराणं उमरावाचं नव्हतं. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्यांना तुरुंगवास घडला. रोबेस्पिएर यांची सत्ता कोसळली आणि ते सुटले. १७९८ मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रेनोबल इथे प्रशासक झाले.

दलदल कोरडी करणं, रस्ते बांधणं ही कामं सांभाळून ते उष्णतेवर प्रयोग करत. १८०७ साली त्यांनी पॅरिसच्या विद्वानांपुढे निबंध ठेवला. त्यातला विचार असा, की कितीही वेडावाकडा आलेख साध्या लाटांच्या बेरजेतून तयार करता येतो. लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञाला हे पटलं नाही. पुढे याच कामाला बक्षीस मिळालं, पण सिद्धता पुरेशी काटेकोर नाही असा शेराही मिळाला. फूरिये मागे हटले नाहीत. त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी! १८२९ साली डिरिक्ले यांनी या विचाराला पक्की सिद्धता दिली. १६ मे १८३० रोजी फूरिये यांचं निधन झालं.

आता मोबाईलकडे वळू. फोर-जी आणि वाय-फायमध्ये माहिती अनेक वाहक लहरींवर वाटून एकाच वेळी पाठवतात. पाठवली जाते ती या सगळ्यांची बेरीज. एरवी काहींचे उंचवटे इतरांच्या खोलगट भागांशी जुळतात आणि बेरीज आटोक्यात राहते. पण सगळे उंचवटे एकाच क्षणी आले तर? सारख्या ६४ लहरी असतील, तर त्या क्षणीची शक्ती सरासरीच्या ६४ पट होऊ शकते. अ‍ॅम्प्लिफायरला हे झेपत नाही आणि संदेश बिघडतो. त्या एका क्षणासाठी मोठी क्षमता राखून ठेवली, तर बॅटरी वाया जाते.

यावर उपाय आहेत. उंच टोक छाटता येतं, पण त्याने संदेश थोडा बिघडतो. लहरी थोड्या मागेपुढे सरकवून उंचवटे एकत्र येणं टाळता येतं. फोर-जी फोन माहिती पाठवताना ती आधी फूरिये यांच्याच गणितातून काढतो, म्हणून टोक कमी उंच येतं. अडचण लाटांच्या बेरजेतली, उपायही त्याच गणितातला!

आलेख कागदावर मुलांना दोन लाटा काढून त्यांची बेरीज करायला सांगा. मग एक लाट थोडी सरकवून पुन्हा करायला सांगा. टोक कसं खाली येतं, ते त्यांचं त्यांनाच दिसेल. आणि हेही जरूर सांगा, की ज्या मुलाला जन्मामुळे तोफखान्यात जागा मिळाली नाही, त्याचं गणित आज घरोघरच्या फोनमध्ये आहे.