प्लेगशी झुंजणारे हाफकिन

इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. भयभीत लोक घरेदारे टाकून पळाले आणि रोगही रेल्वेच्या मार्गाने पुणे, नाशिक या भागांत पोहोचला. अशा बिकट समयी सरकारने वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस पाचारण केले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली युक्रेनमधील ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह, त्यांनी रात्रीचा दिवस केला. अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. ती निर्धोक आहे की नाही, हे कोणावर पाहावयाचे? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले. पण ते सुखरूप राहिले. पुढे लक्षावधी लोकांस ती लस देण्यात आली.

परंतु १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी अनर्थ ओढवला. एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. वस्तुतः ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता केवळ औषधी द्रवात बुचकळून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आज काही रोगजंतू औषधांनाही दाद देत नाहीत. मनमाडसारख्या जंक्शनवर हजारो हात एकाच नळाला, एकाच कडीला लागतात. मोठ्या शहरांतील स्वच्छतागृहांत हात वाळवणाऱ्या यंत्रांवरही असे जंतू असू शकतात. म्हणून साबणाने हात धुवावे आणि स्वतःच्या स्वच्छ रुमालाने पुसावे. क्षणाच्या हलगर्जीपणाची किंमत किती मोठी असते, हे मलकोवालच्या त्या चिमट्याने दाखवून दिले आहे.