हिरोंनी गाडी आखूड केली, इंदूरच्या मराठी महाराजांनी लांब करून घेतली : यशवंतराव होळकर आणि त्यांची ड्युसेनबर्ग

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असतोच. नोकरी लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यानं बुटकी, टर्बो इंजिनवाली, पळायला लागली की पाठ सीटला चिकटवणारी गाडी घेतली. स्टेटसला रोज स्पीडोमीटरचा फोटो. मग लग्न झालं, लेकरू झालं, आईचे गुडघे दुखायला लागले. औंढ्याला दर्शनाला जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायला लागलं. आणि एक दिवस स्टेटसला नवीन फोटो आला. हार घातलेली, उंच, ऐसपैस एसयूव्ही. खाली कमेंट, "म्हातारा झालास रे."

आता विषय असा आहे की, वेग घ्यायचा की आराम, हा प्रश्न फक्त ईएमआय भरणाऱ्यांनाच पडतो असं नाही. नव्वद वर्षांपूर्वी तो एका अशा मराठी माणसापुढं होता, ज्याला बजेट नावाची अडचणच नव्हती. तो माणूस म्हणजे इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे. त्यांनी यातून काढलेला मार्ग आजही गाड्यांचे शौकीन चर्चेत घेतात.

हिंगोलीकरांना होळकर हे नाव नवीन नाही. औंढा नागनाथच्या मंदिरात खालचं जुनं दगडी कोरीव काम बघून मान वर केली की वेगळ्या पद्धतीचं बांधकाम दिसतं. ते वरचं काम अहिल्यादेवी होळकरांनी करून घेतलं असं सांगितलं जातं. त्याच होळकरांच्या गादीवर विसाव्या शतकात बसलेले हे यशवंतराव.

सतराव्या वर्षी गादी

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा, इंदूरचा. वडील तुकोजीराव तिसरे. घरात मराठी, राज्य माळव्यात आणि शिक्षण इंग्लंडमध्ये. आधी शाळा, मग थेट ऑक्सफर्ड.

१९२४ मध्ये त्यांचं लग्न कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाईंशी झालं. राजर्षी शाहू महाराजही मूळचे कागलच्या घाटग्यांचेच. मराठा आणि धनगर समाजात सोयरिकी व्हाव्यात म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापूर आणि इंदूर यांच्यात पुढाकार घेतला होता, आणि हे लग्न त्याच प्रयत्नातलं मानलं जातं. नवरदेव पंधरा वर्षांचा, नवरी त्याहून लहान. तेव्हाच्या राजघराण्यांची रीतच तशी होती.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, मुंबईच्या मलबार हिलवर बावला खून खटला म्हणून गाजलेलं प्रकरण घडलं. इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगम या नर्तकीला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. आरोपींचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. ब्रिटिशांनी तुकोजीरावांपुढं दोनच रस्ते ठेवले, चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. यशवंतराव महाराजा झाले, तेव्हा वय अवघं सतरा. कारभाराचे पूर्ण अधिकार मात्र त्यांना १९३० मध्ये मिळाले.

थोडक्यात काय, तर वडिलांच्या बदनामीसोबत गादी मिळालेला, युरोपात वाढलेला, हातात भरपूर पैसा असलेला हा तरुण होता. जुन्या थाटाचं काहीही त्याला नको होतं. घर, फर्निचर, गाडी, सगळं नव्या जमान्याचं हवं होतं.

गाडी कसली होती?

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात ड्युसेनबर्ग नावाची कंपनी होती. जर्मनीतून आलेल्या दोन भावांनी ती उभी केली होती. १९२१ मध्ये त्यांच्या गाडीनं फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. इंडियानापोलिसची प्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. १९२८ च्या शेवटी कंपनीनं मॉडेल जे आणलं. आठ सिलिंडर, जवळपास सात लिटरचं इंजिन आणि २६५ हॉर्सपॉवर. पुढं १९३२ मध्ये त्यालाच सुपरचार्जर लावून एसजे आलं, ताकद ३२० हॉर्सपॉवर.

सुपरचार्जर म्हणजे काय? इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंपच. हवा जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. आजच्या टर्बोमागंही हाच हिशोब आहे. फरक एवढाच की टर्बो धुराच्या दाबावर फिरतो आणि सुपरचार्जर थेट इंजिनच्या जोरावर. ही गाडी ताशी २०० किलोमीटरच्या पुढं जाते असा कंपनीचा दावा होता. त्या काळात आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांवर बैलगाड्या चालत होत्या, हे लक्षात घ्या. आणि हा वेग खेळण्याचा नव्हता. कंपनी उभी करणाऱ्या भावांपैकी फ्रेड ड्युसेनबर्ग १९३२ मध्येच स्वतः गाडी चालवताना झालेल्या अपघातानंतर गेले.

तेव्हा अशा महागड्या गाड्यांची एक पद्धत होती. कंपनी फक्त इंजिन आणि सांगाडा, म्हणजे चॅसी द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. यशवंतरावांनी १९३५ च्या सुमाराची एसजेची चॅसी घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीकडून बांधून घेतली. रंग केशरी आणि काळा. बसायला जागा दोघांची.

आता खरी गंमत चॅसीच्या मापात आहे.

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. ते कमी असेल तर गाडी चपळ होते, वळणावर पटकन फिरते, पण खड्ड्यातून जाताना पुढं-मागं हिंदकळते. ते जास्त असेल तर गाडी संथ झुलते, आतल्या माणसाला दणका कमी बसतो, पण वळवायला मोठी जागा लागते. लांबच्या प्रवासात साधी जीप आणि लक्झरी बस यांत जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा याचाच असतो.

मॉडेल जे दोन मापांत मिळायचं, सुमारे ३६२ सेंटिमीटर आणि सुमारे ३९० सेंटिमीटर. यातलं लांब माप मागं शेठ बसणार आणि पुढं ड्रायव्हर, अशा मोठ्या लिमोझिनसाठी असायचं. १९३५ मध्येच हॉलिवूडचे दोन हिरो, गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल, यांच्यासाठी ड्युसेनबर्गनं उलटं केलं. चॅसी आखूड करून ३१७ सेंटिमीटरवर आणली. यशवंतरावांनी मात्र शर्यतीचं इंजिन ठेवलं, माप सगळ्यात लांब निवडलं आणि त्यावर फक्त दोन सीट बसवल्या. आजची मध्यम एसयूव्ही साधारण २६० ते २७० सेंटिमीटर व्हीलबेसची असते. यांच्या दोन माणसांच्या गाडीला त्याहून मीटरभर जास्त.

म्हणजे वेग की आराम, या प्रश्नावर महाराजांचं उत्तर होतं, दोन्ही, आणि एकाच गाडीत. आज एसयूव्ही विकताना शोरूममध्ये हेच तर सांगतात. ताकदही आहे आणि आरामही. फक्त आपली एसयूव्ही तो आराम मागच्या सीटवरच्या आईला आणि लेकराला देते. त्यांच्या गाडीत मागची सीटच नव्हती.

घर थंड, रेल्वेचा डबाही नव्या घाटाचा

आराम म्हणजे नेमकं काय, यावर या माणसानं बराच विचार केला होता. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराशी झाली. १९३० पासून मुथेसियसनं इंदुरात त्यांच्यासाठी माणिक बाग हा राजवाडा घडवला. बाहेरून बघाल तर राजवाडा वाटणारही नाही. घुमट नाहीत, महिरपी नाहीत, सरळ रेषांची पांढरी इमारत. आत वातानुकूलन, धातू आणि काचेचं फर्निचर, युरोपातल्या नामांकित डिझायनरांच्या खुर्च्या आणि दिवे. ज्या काळात आपल्याकडं उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवत होते, त्या काळात इंदुरात थंडगार हवेची बेडरूम होती.

मुथेसियसला त्यांनी चाकांवरच्या कामालाही लावलं. महाराजांच्या रेल्वे सलूनची, म्हणजे खासगी डब्याची, आतली रचना त्यानं केली. मोटारीच्या प्रवासात राहता येईल अशा कॅरॅव्हॅनचं डिझाइनही केलं. म्हणजे आज इन्स्टाग्रामवर ज्या कॅम्पर व्हॅनचे रील्स फिरतात, ती कल्पना इंदूरच्या दरबारात १९३० च्या दशकात पोहोचली होती.

१९३७

१९३३ मध्ये यशवंतराव आणि संयोगिताबाईंना मुलगी झाली, उषा. दोघं नवरा-बायको युरोपात सारखे सोबत दिसायचे. मॅन रे या जगप्रसिद्ध छायाचित्रकारानं दोघांचे फोटो काढले. ते बघितले तर राजा-राणीचा अवघडलेला थाट कुठंच दिसत नाही, एकमेकांत रमलेलं तरुण जोडपं दिसतं.

१९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाईंचं निधन झालं. वय जेमतेम बावीस-तेवीस. मुलगी चार वर्षांचीही नव्हती.

त्याच वर्षी तिकडं अमेरिकेत ड्युसेनबर्ग कंपनीही बंद पडली. मंदीच्या काळात इतक्या महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

यशवंतरावांनी ब्रांकुशी या शिल्पकाराला इंदुरात ध्यानमंदिर उभारायला बोलावलं होतं. त्याची पक्ष्याची शिल्पं त्यांनी आधीच विकत घेतली होती. ब्रांकुशी इंदुरात येऊनही गेला, पण ते मंदिर कधीच उभं राहिलं नाही.

पुढं त्यांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी लग्नं केली, १९३८ आणि १९४३ मध्ये. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि त्यांचा बराच काळ अमेरिकेतच जात होता. तिथून त्यांनी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं. भारताच्या प्रश्नात अमेरिका, रशिया आणि चीननं मध्यस्थी करावी, अशी त्यांची मागणी होती. ब्रिटिशांच्या छायेखालच्या संस्थानिकानं असं उघड लिहिणं साधी गोष्ट नव्हती. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. राज्य इंदुरात आणि राजा परदेशात, ही तक्रार त्यांच्याबद्दल कायम राहिली.

इंदूरमध्ये या काळात होळकर क्रिकेट संघाचा दबदबा होता. सी. के. नायडूंसारखे खेळाडू घेऊन या संघानं रणजी ट्रॉफी चार वेळा जिंकली.

मग १९४८ आलं. मे महिन्यात इंदूर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं. सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेली आपली हिंगोली निजामाच्या राज्यातून मोकळी झाली. यशवंतराव १९५६ पर्यंत मध्य भारताचे उपराजप्रमुख होते. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ५३. त्यांच्यामागं वारस म्हणून मान्यता मिळाली ती संयोगिताबाईंच्या लेकीला, उषाराजेंना.

मागं काय राहिलं?

केशरी-काळी ड्युसेनबर्ग आज भारतात नाही. गाड्यांच्या जगात तिचं नाव आदरानं घेतलं जातं, पण इंदूरच्या रस्त्यावर ती दिसणार नाही. माणिक बागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात विकलं गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच वस्तू लोकांना पुन्हा बघायला मिळाल्या. माणिक बागेची इमारत इंदुरातच आहे. तिथं सरकारी कर खात्याचं कार्यालय भरतं.

इंदूरच्या सामान्य माणसाच्या तोंडी मात्र यशवंतरावांचं नाव वेगळ्याच कारणानं येतं. गंभीर नदीवरचा यशवंत सागर त्यांच्या काळातला, शहराला पाणी पुरवणारा. आणि महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, ज्याला अख्खं इंदूर एमवाय म्हणतं. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन निघालेली गाडी तिथं थांबते.

आपल्या मित्राची गोष्ट याहून लहान आहे. त्याच्याकडं दोन गाड्या ठेवायची ऐपत नाही, म्हणून त्याला एक सोडावी लागली. यशवंतरावांना काहीच सोडावं लागलं नव्हतं. वेग होता, आराम होता, लांबलचक चॅसी होती, आणि शेजारी दुसरी सीटही होती. १९३७ नंतर त्या सीटवरचं माणूस नव्हतं.

तेव्हा मित्राच्या एसयूव्हीच्या फोटोखाली "म्हातारा झालास" लिहिण्याआधी फोटो एकदा नीट बघा. मागच्या सीटवर त्याची आई बसलेली दिसेल, मांडीवर नातू. औंढ्याच्या रस्त्यावर तिला आता दणके बसत नाहीत. त्यानं जुनी गाडी विकली ती एवढ्यासाठीच.