रंग हाती असताना

व्ही. शांताराम म्हटले की आपल्याला ‘नवरंग’ आणि ‘पिंजरा’ आठवतात, डोळ्यांपुढे रंगच रंग उभे राहतात. मला मात्र या माणसाचे मोठेपण त्याने एकदा हातचे रंग बाजूला ठेवले, त्यात दिसते.

1901 साली कोल्हापुरात जन्मलेले शांताराम वणकुद्रे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. 1933 मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. रंगीत फिल्म धुण्या-छापण्याची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती, म्हणून ते थेट जर्मनीला गेले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. मग ‘कुंकू’, ‘माणूस’ कृष्णधवलच निघाले आणि गाजले.

1955 मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ने त्या अपयशाची व्याजासह भरपाई केली. टेक्निकलरची ती झळाळी पाहायला लोकांनी गर्दी केली. मी बँकेत उमेद घालवली. चालता धंदा सोडणाऱ्या कर्जदाराला मी दहा प्रश्न विचारले असते. शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तो कृष्णधवल!

औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर आधारलेली ती कथा. सहा खुनी, एक जेलर आणि उजाड माळ. रंग असते तर नजर आभाळात आणि कपड्यांत रमली असती. इथे ती माणसाच्या डोळ्यांवरच खिळते. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्याच डोळ्यांना जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी आली. त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले आणि 1959 मध्ये ‘नवरंग’ आला. ‘दो आँखें’ला मात्र 1958 मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले होते.

सोनपेठला तंबूत आम्ही जुन्या प्रिंटवर सिनेमे पाहत असू. रंगीत प्रिंट काही वर्षांत तांबूस पडत, कारण त्यांतले रंग उडत. कृष्णधवल चित्र चांदीचे. त्यावर ओरखडे येत, पण चेहरे शाबूत राहत.

1990 मध्ये बापू गेले. रंग परवडत नाही म्हणून कृष्णधवल काढणारे पुष्कळ होते. रंगाने यश दिल्यावरही कथेकडे पाहून तो नाकारणारा विरळाच.