पाद्री थॉमस स्टीफन्स : शंकांस न भिणारा गुरु

उमरठ म्हटलें कीं नरवीर तानाजी मालुसरे आठवतात आणि मान ताठ होते. परंतु याच महाड-पोलादपुराच्या बाजूस आपल्या माणसास कोणी विचारतो : तुमचा धर्म परका ना? मरियेस तुम्ही देव मानतां काय? पापांची कबुली पुरोहितापुढें कशासाठीं? मग आपण मान खालीं घालून गप्प बसतों. अशांकरितां या ज्युबिलीच्या प्रसंगीं एका थोर पुरुषाचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. पुढें त्या देशांत कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें धोक्याचें झालें. १५७५ सालीं ते रोम येथें येशूसंघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले आणि उरलेलीं चाळीस वर्षें त्यांनीं बहुतांशीं साष्टी प्रांतांत वेचिलीं.

तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवळें पाडिलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें येशूसंघाचे पांच जण व त्यांचे सोबती मारले गेले. पुढें त्या गांवच्या पुढाऱ्यांसही ठार करण्यांत आलें. बळानें माणूस नमतो, परंतु त्याच्या मनांतील शंका फिटत नाहीं. स्टीफन्स यांनीं धरिला तो मार्ग भाषेचा.

मराठी व कोंकणी त्यांनीं आपल्याशा केल्या. १६१६ सालीं राशोल येथें त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें : दोन भाग, सुमारें अकरा हजार ओंव्या. नागरी खिळे नसल्यामुळें मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. पुराणाच्या आरंभीं नवख्रिस्ती श्रोता विचारतो कीं, जुनीं पुराणें बंद झालीं, तर आम्हीं वाचावें काय? याच प्रश्नांतून कथा सुरू होते. मध्येंच श्रोते शंका काढितात आणि पाद्री रागावत नाहीं, समजावून सांगतो. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही तो कचरत नाहीं.

१६१९ सालीं स्टीफन्स निवर्तले. मुलांसाठीं गुरुशिष्यांच्या संवादरूपानें रचिलेली त्यांची कोंकणी दोत्रीन १६२२ सालीं, व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. पुराण मात्र घरोघरीं गायिलें जाऊन टिकलें आणि १९०७ सालीं मंगळूरास पुन्हां छापलें गेलें.

तेव्हां प्रिय बंधुभगिनींनो, प्रश्नास भिऊं नका. आराधना एका देवाचीच. मरियेस आपण प्रभूची माता म्हणून मान देतों व तिची विनवणी मागतों. पापक्षमा देवच करितो. पुनरुत्थित प्रभूनें तो अधिकार प्रेषितांकडे सोंपविला, आणि पुरोहित त्याच्या नांवानें तो चालवितो. आणि धर्म परका काय? साता समुद्रांपलीकडून आलेल्या माणसानें तो आपल्या ओंवींत सांगितला. आपल्याच भाषेंत तो शेजाऱ्यास सांगण्यास आपण कां लाजावें?