टेलिफोनवाल्या बेलचं दुसरं यंत्र

ग्रॅहॅम बेल म्हटलं की टेलिफोन, एवढंच आपल्याला शाळेपासून ठाऊक. मला मात्र त्याची एक फसलेली धडपड जास्त जवळची वाटते.

१८४७ मध्ये एडिनबरोत जन्मलेला बेल बहिऱ्या मुलांना शिकवायचा. टेलिफोनचं पेटंट मिळालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. एक्स-रे तेव्हा नव्हतेच. बेलने गोळी शोधायचं यंत्र बनवलं. दोन कॉइल अशा बसवायच्या की टेलिफोनमध्ये आवाज शून्य. धातू जवळ आला की तोल बिघडतो, आवाज येतो.

चाचण्यांत यंत्र चाललं. १ ऑगस्टला अध्यक्षांजवळ मात्र आवाज भलत्याच मोठ्या भागात! नंतर कळलं, गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली. गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. त्याच ऑगस्टमध्ये बेलचं नवजात बाळही दगावलं. तरी त्याने यंत्र सुधारणं सोडलं नाही. १९२२ मध्ये तो वारला.

आजच्या मेटल डिटेक्टरलाही लोहयुक्त जमिनीत हाच त्रास होतो. नाण्याआधी मातीच बोलायला लागते! म्हणून आधी धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून मातीचा आवाज शून्यावर आणतात, मग सावकाश शोधतात.

लॅबमध्ये रीडिंग विचित्र आलं की मी आता सर्किटच्या आधी टेबलाखाली बघतो!