छपरावरचा काटा आणि प्रोफेसर यागी

दूरदर्शनचा जमाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना गच्चीवरचा ॲन्टेना वेगळा सांगायला नको. मधोमध एक ॲल्युमिनियमची दांडी आणि तिच्यावर माशाच्या काट्यासारख्या आडव्या नळ्या. वाऱ्याने तो फिरला किंवा कावळ्याने त्यावर बैठक मारली की पडद्यावर मुंग्या. मग एकाने वर चढून तो फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून चित्र आलं की नाही ते ओरडून सांगायचं. हा काटा ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, ते हिदेत्सुगु यागी यांचा जन्म २८ जानेवारी १८८६ रोजी जपानमधील ओसाका येथे झाला. त्यांच्या नावाला जोडून आणखी एक नाव घ्यायला हवं, ते मात्र बहुतेकांच्या तोंडी नसतं. त्याकडे पुढे येऊच.

१९०९ साली टोकियोच्या विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन यागी अध्यापनात शिरले आणि काही वर्षांनी त्यांना शिक्षणासाठी युरोपला पाठवण्यात आलं. जर्मनीत ड्रेस्डेनला ते हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९१४ साली सुटीत स्वित्झर्लंडला गेले असताना महायुद्ध पेटलं आणि जर्मनीला परतण्याची वाट बंद झाली. ते लंडनला गेले. तिथे त्यांना मार्गदर्शक मिळाले जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग, म्हणजे रेडिओच्या पहिल्या व्हॉल्व्हचे जनक. पुढे अमेरिकेत हार्वर्डला त्यांनी जॉर्ज पिअर्स यांच्याकडे काम केलं. युद्धाने ठरलेला बेत मोडला, पण त्यामुळेच तीन देशांतल्या तीन उत्तम प्रयोगशाळा पाहून हा तरुण मायदेशी परतला.

सेन्दाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात त्यांनी लघुलहरींवर संशोधन सुरू केलं. त्या काळी जगाचा ओढा लांब लहरींकडे होता. शेकडो मीटर लांबीच्या लहरी, त्यांसाठी उंच मनोरे आणि मैलभर तारा. यागींना रस होता तो काही मीटरच्या लहरींत. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. प्रक्षेपकाजवळ धातूची साधी दांडी ठेवली, तिला कुठलीही तार जोडली नाही, तरी लहरींची दिशा बदलते. दांडी थोडी लांब असली तर ती आरशासारखी लहर मागे परतवते. थोडी आखूड असली तर लहरीला आपल्या दिशेने पुढे ओढते.

यामागचं कारण फार गुंतागुंतीचं नाही. रेडिओलहर धातूच्या दांडीवरून गेली की तिच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहातून दांडी स्वतःही लहरी सोडू लागते. दांडीची लांबी लहरीच्या निम्म्याहून किंचित जास्त की कमी, यावर हा प्रवाह मूळ लहरीच्या मागे रेंगाळतो की पुढे धावतो हे ठरतं. लांबी आणि अंतर नेमकं जुळवलं की सगळ्या दांड्यांच्या लहरी समोरच्या बाजूला एकमेकींत मिसळून वाढतात आणि मागच्या बाजूला एकमेकींना खोडतात. गच्चीवरच्या काट्यात तार जोडलेली असते ती एकाच नळीला. बाकीच्या नुसत्या उभ्या राहून काम करतात. मागची सर्वांत लांब नळी परावर्तक, पुढच्या आखूड नळ्या दिशादर्शक. लहर पाच मीटरची असेल तर मधली नळी अडीच मीटरच्या आसपास हवी. साठ सेंटीमीटरची असेल तर तीस सेंटीमीटर पुरते. म्हणून जुने ॲन्टेना अवाढव्य होते आणि आताचे हातात मावतात.

कल्पना सुचणं वेगळं आणि दांडी किती सेंटीमीटरची, किती अंतरावर, किती दांड्या लावल्या तर किती फायदा हे शोधणं वेगळं. हे दुसरं काम मोजमापाचं, कंटाळवाणं आणि निर्णायक. ते केलं शिंतारो उदा यांनी. १८९६ साली जन्मलेले उदा तोहोकूमधूनच शिकून यागींचे सहकारी झाले होते. दोघांचा एकत्रित लेख १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९२९ पर्यंत उदांनी जपानी भाषेत एकामागून एक निबंध लिहून सगळी मोजमापं मांडली. पण ती वाचणार कोण? जपानबाहेर जपानी वाचणारे अभियंते मोजकेच होते. यागींनी १९२८ साली अमेरिकेत जाऊन या विषयावर व्याख्यानं दिली आणि तिथल्या रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिला. लेखात उदांचा उल्लेख आहे, श्रेयही दिलेलं आहे. तरीही जगाने लक्षात ठेवलं लेखकाचंच नाव. शिवाय १९२६ चं जपानी पेटंटही एकट्या यागींच्या नावावर होतं. यागींनी उदांना फसवलं असं म्हणता येत नाही. मात्र पेटंटच्या कागदावर दुसरं नाव घालायला फार शाई लागली नसती. आज अभ्यासक आवर्जून यागी-उदा ॲन्टेना म्हणतात, दुकानदार नुसतं यागी म्हणतो.

परदेशांतल्या पेटंटचे हक्क अमेरिकेत आरसीए आणि ब्रिटनमध्ये मार्कोनी या कंपन्यांकडे गेले. जपानच्या लष्कराने मात्र या शोधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. यागी १९३३ पासून ओसाका विद्यापीठात भौतिकशास्त्र विभाग उभारण्यात गुंतले. तिथे त्यांच्या हाताखाली एक अबोल तरुण व्याख्याता होता. शोधनिबंध लिहीत नाही म्हणून यागींनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्याचं नाव हिदेकी युकावा. १९३५ साली त्याने लिहिलेल्या निबंधाला पुढे नोबेल मिळालं, जपानचं पहिलं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं. तिथल्या ब्रिटिश रडारच्या सामानात न्यूमन नावाच्या सैनिकाची टिपणवही सापडली. तीत एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. जपानी तंत्रज्ञांना तो कळेना. इंग्रजी अक्षरांवरून त्याचा उच्चार याजी करायचा की यागी, इथपासून घोळ. अखेर युद्धकैदी झालेल्या न्यूमनलाच विचारलं गेलं. हा ॲन्टेना शोधणाऱ्या जपानी प्राध्यापकाचं हे नाव आहे, असं त्याने सांगितलं, अशी हकिकत आहे. ब्रिटिशांचे सर्चलाइट आणि पाणबुड्या हुडकणारी विमानं ज्या काट्याच्या भरवशावर चालत होती, तो सेन्दाईत जन्मला होता आणि सेन्दाईच्या सरकारला त्याचा पत्ता नव्हता.

हे इथेच थांबलं नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचा स्फोट जमिनीवर आदळून नव्हे, तर ठरावीक उंचीवर व्हायचा होता. ती उंची मोजायला बॉम्बच्या अंगावर छोटी रडारं होती आणि त्या रडारांना यागी ॲन्टेना. युद्धकाळात यागी स्वतः जपान सरकारच्या तंत्रज्ञान खात्याचे प्रमुख राहिले होते. शोधकाच्या वाट्याला असा योग क्वचितच येत असेल.

युद्धानंतर ते ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, पण युद्धकाळातल्या पदामुळे व्यापलेल्या जपानच्या प्रशासनाने त्यांना सार्वजनिक पदांवरून दूर केलं. बंदी उठल्यावर साठी ओलांडलेल्या यागींनी १९५२ साली ॲन्टेना बनवणारी कंपनी काढली. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९५३ रोजी, जपानमध्ये नियमित टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं. मुहूर्त उत्तम साधला होता. त्याच वर्षी ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले आणि १९५६ मध्ये त्यांना संस्कृती सन्मान मिळाला, हा जपानचा मोठा मान.

उदा त्या सुमारास आपल्याकडे होते. १९५५ पासून सुमारे तीन वर्षं युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम केलं. त्यानंतर लगेचच, सप्टेंबर १९५९ मध्ये, दिल्लीतून भारताचं पहिलं टीव्ही प्रक्षेपण झालं. मुंबईला ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुणेकरांच्या काट्यांना लहरी मिळू लागल्या.

यागी १९ जानेवारी १९७६ रोजी वारले, नव्वदीला नऊ दिवस कमी असताना. उदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले.

टीव्ही डिजिटल झाला तरी काटा गेला नाही. केबल आणि डिशमुळे आपल्याकडे गच्च्या मोकळ्या झाल्या खऱ्या, पण २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह काही शहरांत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, ते पकडायला आखूड नळ्यांचा यागीच लागतो. जुन्या प्रक्षेपणात लहर कमजोर झाली तर चित्र धूसर व्हायचं, भुतासारखी दुसरी प्रतिमा दिसायची, पण क्रिकेटचा स्कोअर तरी कळायचा. डिजिटलमध्ये चित्र एक तर स्वच्छ दिसतं, नाहीतर चौकोनांत तुटून पार गोठतं. म्हणून मनोऱ्याच्या दिशेने तोंड करून बाजूच्या इमारतींवरून उसळणाऱ्या लहरी टाळणारा ॲन्टेना आजही उपयोगी पडतो. जपानने जुनं प्रक्षेपण २४ जुलै २०११ रोजी बंद केलं. भूकंप आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तीन प्रांतांना तेवढी मुदतवाढ मिळाली, ३१ मार्च २०१२ पर्यंत. त्यांतला एक मियागी, आणि सेन्दाई ही त्याची राजधानी.